वासाच्या यंत्राचं पहिलं गिऱ्हाईक

८ जानेवारी

बाबा, नमस्कार.

पत्राला उशीर झाला. तुमच्या ते लक्षात आलंच असेल, म्हणून कारणं लिहीत बसत नाही. मी ठीक आहे. झोप, जेवण, ऑफिस सगळं वेळच्या वेळी चाललंय. आईला सांगा, स्वेटर मिळाला. बाह्या थोड्या लांब आहेत, पण दुमडल्या की झालं.

तुमची बाटलीही मिळाली. कापसात इतकी गुंडाळली होती की टपालवाल्याने विचारलं, "आत अंडं आहे का?" याआधीच्या बाटल्यांची उत्तरं राहिलीत, हे मला माहीत आहे. आपला नियम हॉस्टेलपासूनचा आहे: तुम्ही बिननावाची बाटली पाठवायची, मी हुंगून आत काय काय मिसळलंय ते कळवायचं, आणि तुम्ही लाल शाईने मार्क द्यायचे. नियम मोडलाय तो मी. सध्या डोकं कामात आहे, एवढंच लिहिते.

कामाचं सांगते, कारण तुम्ही विचारलंत, "तुझं ते हुंगणारं यंत्र अजून हुंगतंय की दमलं?"

यंत्र दमलेलं नाही. विकणारे दमलेत. आमची कंपनी मुळात कारखान्यांसाठी तापमान आणि दाब मोजायची उपकरणं बनवते. उद्या वासही मोजावा लागेल आणि तो मोजणारी पहिली कंपनी आपली असावी, असं आमच्या मालकीणबाईंना वाटलं, आणि त्या कामासाठी त्यांनी मला घेतलं. यंत्र आता तयार आहे. डब्याएवढं आहे. हवा आत ओढतं, आतले सेन्सर ती हवा तपासतात आणि कसला वास किती आहे ते पडद्यावर येतं. ते कुणाला हवंय, हे मात्र अजून कुणालाच माहीत नाही.

हे शोधून काढायचं काम ज्याच्याकडे आहे, त्याला आम्ही गुणाकार म्हणतो. तोंडावर म्हणतो. तो प्रत्येक बैठकीला एक मोठा आकडा घेऊन येतो. इतकी घरं, घरटी एक फ्रिज, फ्रिजमागे एक यंत्र, की झाला बाजार तयार. बाई शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "यातलं एक घर दाखव."

म्हणून मग त्याने फ्रिज बनवणाऱ्या कंपनीची माणसं बोलावली. दूध नासलं की फ्रिजच्या दारावर दिवा लागेल, ही कल्पना त्यांना आवडली. मग त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी समोरची दुधाची बाटली उचलली, झाकण काढून नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "हे काम मी फुकटात करते." सगळे हसले. बैठक तिथेच संपली, फक्त बिस्किटं संपेपर्यंत लोक बसून राहिले.

ते गेल्यावर बाईंनी फळ्यावर लिहिलं: आपला स्पर्धक कोण? गुणाकाराने दोन कंपन्यांची नावं सांगितली. बाईंनी मान हलवली आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. "हा," म्हणाल्या. "फुकट मिळतो, चेहऱ्यावर बसवूनच येतो, वीज खात नाही, दुरुस्तीला न्यावा लागत नाही. याच्या दारासमोर आपण दुकान थाटलंय."

तुम्हाला हे वाचून आनंद होईल, म्हणून सविस्तर लिहिलं.

दर मंगळवारी आमचं नाकमंडळ बसतं. ऑफिसातलेच सहा जण, परीक्षा घेऊन निवडलेले. त्यांच्यापुढे पांढऱ्या बाटल्या ठेवतात, वर फक्त नंबर. ते हुंगून गुण देतात, यंत्रही गुण देतं, आणि मी दोन्ही ताडून पाहते. मी स्वतः मंडळात का नाही, असं तुम्ही विचाराल. ज्याने यंत्र बनवलं त्याने परीक्षक होऊ नये, निकाल एका बाजूला कलतो. मी तसं लेखी दिलंय आणि सगळ्यांना ते पटलंय.

मार्चअखेर निर्णय आहे. तोवर एक तरी खरं गिऱ्हाईक सापडलं तर यंत्र राहील. नाहीतर आमचा विभाग बंद आणि माझी रवानगी दाबमापकांकडे. ते कामही वाईट नाही. पण मला हे हवंय.

तेव्हा या सुट्टीत घरी येणं जमणार नाही. आईची समजूत तुम्ही काढा.

तुमची,
काटेकोरबाई


१९ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र पोचलं. आईचा गुडघा बरा आहे आणि साबणवाल्यांना तुमचा नवा सुगंध पसंत पडला, या दोन्ही बातम्या चांगल्या आहेत. कोणती जास्त चांगली, ते आईला विचारून ठरवा.

"बाटल्या फुटल्या की तू रुसलीस?" दोन्ही नाही. बाटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने उभ्या आहेत. ऊन लागू नये म्हणून पुठ्ठा लावलाय. आणि रुसायला काही झालेलं नाही. फोनवर आपण दोघं "बरं" आणि "हं" यांच्यापुढे जात नाही, म्हणून हे लिहून कळवते: मी रुसलेली नाही.

तुम्ही पुढे लिहिलंय, "नाक नसलेल्याने अत्तराचं दुकान काढावं, तसा तुमचा कारभार दिसतो." हे वाक्य मी दोनदा वाचलं. उपमा बरोबर आहे. तुम्हाला वाटते त्याहून थोडी जास्तच बरोबर आहे, पण ते असू दे.

निदान या महिन्याची पाटी कोरी राहू नये म्हणून तुमची शेवटची बाटली मी यंत्रापुढे ठेवली. त्याच्या मते आतला मोठा भाग लिंबाच्या जातीचा, त्याखालोखाल लाकडाचा, किंचित मसाल्याचा, आणि उरलेलं अनोळखी. तुम्हाला राग येईल. तो यंत्रावर काढा.

कामाची प्रगती अशी. फ्रिजवाल्यांनंतर गुणाकार मला एका धान्याच्या कोठारावर घेऊन गेला. कोठाराचा मालक भला माणूस होता. त्याने यंत्र उचलून पाहिलं, पोत्यांमधून फिरवलं, आणि एका कोपऱ्यात यंत्राने कुबट म्हणून दिवा दाखवला तेव्हा तो मनापासून खूश झाला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"आता मी काय करू?" त्याने विचारलं.

"म्हणजे?" गुणाकार म्हणाला.

"माल घेतलाय. जागा दुसरी नाही. कुबट आहे हे मला काल माहीत नव्हतं, तर मी सुखात होतो. तुम्ही मला हे विकणार, आणि वर पैसे मी देणार?"

गाडीत गुणाकार म्हणाला, "लोकांना कळायला नको असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही." मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा जरा आपुलकी वाटली. साबणवाल्यांकडे जाऊया, असंही तो म्हणत होता. मी जाऊ दिलं नाही. तिथे तुमची माणसं आहेत, आणि ती माझ्यापेक्षा तुमच्याशी जास्त बोलतात.

बाईंनी आता फळा पुसून एकच प्रश्न ठेवलाय: हे नसलं तर कुणाचं अडतं? आवडेल कुणाला, परवडेल कुणाला, ते सगळं नंतर. अडतं कुणाचं? शुक्रवारी टेबलाभोवती बसलेला कुणीच बोलला नाही. मीही गप्प राहिले. मला उत्तर येत नव्हतं म्हणून नाही.

बाकी विशेष काही नाही. परवा खालच्या काकू धावत वर आल्या आणि दार ठोठावायला लागल्या. माझा भात करपून काळा झाला होता आणि जिन्यात वास भरला होता. मी शेजारच्याच खोलीत होते. त्यांना सांगितलं, कामात होते, लक्षात आलं नाही. तुम्हालाही तेच सांगते.

येण्याचं अजून नक्की नाही.

तुमची,
काटेकोरबाई


२ एप्रिल

बाबा,

हे पत्र सलग वाचा. मध्येच आईला हाक मारू नका. तुमचं वाचून झालं की तिला द्या, आणि ती वाचत असताना तिच्याजवळ बसा.

क्रमाने लिहिते, म्हणजे चुकणार नाही.

मार्चची शेवटची बैठक सोमवारी होती. विभाग बंद करायचा की नाही, हे तिथे ठरणार होतं. नाकमंडळाच्या बाटल्या ज्या फ्रिजमध्ये असतात तो त्याच सकाळी बिघडला. मंडळाचं सगळं बघणारी, ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी, तिला आम्ही मंडळप्रमुख म्हणतो, फार व्यवस्थित आहे. तिने सगळ्या बाटल्या चहा-कॉफीच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये हलवल्या आणि त्याची सूचना छापून लावली. लावली ती मात्र बिघडलेल्या फ्रिजच्या दारावर.

मी कॉफी केली, फ्रिजमधली पांढरी बाटली उचलली, दूध घातलं आणि बैठकीला जाऊन बसले.

गुणाकाराने वजाबाकी मांडायला घेतली होती. आजवरचा खर्च, न मिळालेली गिऱ्हाइकं, असं एकेक. यंत्र टेबलाच्या मध्यावर चालू करून ठेवलं होतं, शेवटचं दर्शन म्हणून. ते एकदम वाजायला लागलं आणि त्याचा दिवा लाल झाला.

"हे बघा," गुणाकार म्हणाला. "समोर काही ठेवलेलं नाही, तरी बोंबलतंय. हे मी कुणाच्या गळ्यात बांधू?"

"थांब." बाईंनी रुमाल काढून नाकाला लावला. "ते खोटं बोलत नाही. कुणाच्या बुटाला काही लागलंय का?"

सगळ्यांनी आपापले बूट उलटे करून पाहिले. मीही पाहिले. कॉफीचा घोट घेऊन पाहिले.

मंडळप्रमुख उठली. टेबलाभोवती वाकून हुंगत हुंगत फिरली आणि माझ्या खुर्चीमागे थांबली.

"हा तर चौदा नंबर," ती म्हणाली. "खवट दुधाचा, सगळ्यात कडक. हा कपात कसा गेला?"

"कुणाच्या कपात?" मी विचारलं.

"तुझ्या. अर्धा संपवलायस तू."

मी कप खाली ठेवला. आता पोटदुखीचं निमित्त सांगता येईल, सर्दी झालीय म्हणता येईल, असे सगळे रस्ते मला दिसत होते. एकही धरावासा वाटला नाही.

"मला वास येत नाही," मी म्हणाले. "गेल्या वर्षी ताप आला होता, तेव्हापासून. अजिबात येत नाही."

बाबा, तेच आता तुम्हाला लिहिते. मला वास येत नाही.

डॉक्टरांना दाखवलंय. नाक ठीक आहे, तापाने आतल्या नसा दुखावल्यात. कधी परत येतो, कधी येत नाही. औषध असं काही नाही. बाकी मी खरंच ठीक आहे. खारट, गोड, आंबट, कडू कळतं. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं. फक्त जग काचेपलीकडे असल्यासारखं वाटतं, आणि काच इतकी स्वच्छ असते की दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगायचं कसं ते कळेना. तुम्ही आयुष्यभर वासांवर जगलात आणि मला चालायच्या आधी हुंगायला शिकवलंत. तुमच्या बाटल्या येत राहिल्या. उघडून पाहिलं तरी आत पाणी असावं तसं वाटायचं. घरी न येण्याचं कारणही हेच. आपल्या घराची प्रत्येक खोली डोळे मिटून ओळखता येते. त्या घरात मी उभी राहणार आणि मला काहीच कळणार नाही, हे मला सोसवलं नसतं. कामाचं निमित्त खोटं नव्हतं, पण ते निमित्तच होतं.

आता पुढचं. आमच्या बाईंनी "अरेरे" म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी रुमाल खाली घेतला आणि विचारलं, "मग घरी कसं चालवतेस?"

मी सांगितलं. मोडक्या सुट्या भागांतून मी स्वतःसाठी एक यंत्र जोडलंय, ते ओट्यावरच्या फळीवर असतं. काकूंनी दार ठोठावलं, त्याच आठवड्यात बसवलं.

"आणि हे तू आम्हाला सांगितलं नाहीस?"

"ते विकायचं नव्हतं. वापरायचं होतं."

गुणाकार खुर्चीवरून पुढे सरकला. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. "असे लोक किती असतील?" तो म्हणाला. "तापानंतरचे, म्हातारे, डोक्याला मार लागलेले. आणि त्यांच्यासमोर आपला स्पर्धक नाही. नाकच नाही त्यांच्याकडे. म्हणजे आहे, पण... माफ कर."

"असू दे," मी म्हटलं. "बरोबर बोललास."

"आकडा नको," बाई म्हणाल्या. "एक घर सापडलंय. आधी ते बघू."

आणि त्याच दुपारी बाई, गुणाकार आणि मंडळप्रमुख अशी तिघं माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तुम्हाला माझं स्वयंपाकघर माहीत नाही. माझ्याखेरीज त्यात दोन माणसं मावतात, तिसऱ्याला दारात राहावं लागतं. दारात गुणाकार होता. मी बुटांच्या खोक्यात बसवलेलं ते यंत्र खाली काढून दाखवलं. त्याला पडदा नाही, आकडे नाहीत, चार दिवे आहेत. तीन दिव्यांखाली चिकटपट्टीवर मी लिहिलंय: जळतंय. नासलंय. गॅस.

"गॅसचा गजर बाजारात आहेच," गुणाकार म्हणाला. "जळल्याचाही मिळतो."

"हो. ते दोन्ही जीव वाचवतात. पण माणूस रोज जीव वाचवत नाही, रोज दूध तापवतो."

"आणि चौथा दिवा? त्याखाली काही लिहिलेलं नाही."

मी खोकं ओट्यावर ठेवलं.

"तो माझ्यासाठी आहे," मी म्हणाले. "घराबाहेर पडायच्या आधी मी त्याच्यासमोर उभी राहते. माझ्या अंगाला, कपड्यांना, तोंडाला वास येत नाही ना, ते बघायला. ते मला कळत नाही, आणि कुणाला विचारताही येत नाही. आधी मी दिवसातून तीनदा अंघोळ करायचे, धुतलेले कपडे परत धुवायचे, लिफ्टमध्ये माणसं असली तर जिन्याने जायचे. गॅसची भीती महिन्यातून एकदा वाटते. ही दिवसभर वाटते."

गुणाकाराने वही काढली होती. त्याने ती तशीच मिटली. "हे मला कुठल्याच सर्वेक्षणात कुणी सांगितलं नसतं," तो म्हणाला.

"मीही सांगितलं नसतं," मी म्हटलं.

जाता जाता बाईंची नजर खिडकीकडे गेली. "ही कसली औषधं?"

"औषधं नाहीत. माझ्या वडिलांची पत्रं आहेत. सध्या वाचता येत नाहीत, म्हणून जपून ठेवलीत."

विभाग बंद झालेला नाही. आम्हाला डिसेंबरपर्यंत मुदत मिळालीय. नवं यंत्र माझ्यासारख्यांच्या घरी बसवून पाहायचं, असं ठरलंय. म्हणजे मला हवं होतं ते मिळालं. मिळालं ते असं मिळालं.

आईला म्हणावं, ते दूध विषारी नव्हतं. मी चौकशी केली.

तुमची,
काटेकोरबाई


२७ जुलै

बाबा, नमस्कार. आणि आईलाही, वेगळा.

तुमच्या एप्रिलच्या पत्राला मी आधी उत्तर दिलं ते कामापुरतं, यंत्र पाठवण्याच्या गडबडीत. ते पत्र अजून टेबलावर आहे. "कळलं. नाक माझ्याकडे आहे, ते दोघांना पुरेल. एक यंत्र इकडे पाठवून दे, बघतो त्याला किती अक्कल आहे." मी घाबरत होते की तुम्ही लांबलचक काहीतरी लिहाल. आईने मात्र फोनवर आधी रडून घेतलं, आणि मग नीट बघून दूध घालता येत नाही का म्हणून झापलं. दोन्हींनी मला सारखंच बरं वाटलं.

आता हकीकत. नाक-कान-घशाच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या काही रुग्णांना विचारलं आणि आम्ही त्यांच्या घरी यंत्रं बसवली. चौथ्या दिव्याचं काय करायचं यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवटी तो ठेवला, पण यंत्राच्या मागच्या बाजूला, म्हणजे पाहुण्यांना दिसत नाही. ही सूचना माझी नव्हे, गुणाकाराची. तो हल्ली बदललाय. आकडे अजूनही काढतो, पण खिशात ठेवतो.

महिन्याभरात अर्ध्या घरांनी यंत्राची वायर काढून टाकली.

मला कळेना. यंत्र चुकत नव्हतं. मी प्रत्येक घरातल्या नोंदी तपासल्या, एकही खोटा गजर नव्हता. गुणाकार म्हणाला, "नोंदी राहू देत, आपण विचारून येऊ." पहिल्याच घरी एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. यंत्र त्यांनी कपाटात ठेवलं होतं, वर टॉवेल टाकून.

"चांगलं आहे हो," त्या म्हणाल्या. "पण घरात सासूबाई आणून ठेवल्यासारखं वाटतं. तोंड उघडलं की नावं ठेवायलाच. सकाळी जळतंय, दुपारी नासलंय. मला आधीच काही कळत नाही, त्यात हे दिवसभर चुका काढतं."

संध्याकाळी घरी आले तर तुमचं पत्र येऊन पडलं होतं. तुमची तक्रारही त्याच सुरातली. "आज तुझ्या आईने कांदा परतला. घरभर दरवळ. आणि हे तुझं यंत्र मख्ख. चांगलं काही झालं तर बोलायचं नाही, असं शिकवलंयस का त्याला? अगदी तुझ्यावर गेलंय."

मी तुम्हाला तापून उत्तर लिहिलं, ते आठवत असेलच. खमंग हे काही माप नव्हे. कांदा खमंग लागतो आणि करपतो, त्यात एखाद्या मिनिटाचं अंतर असतं, आणि ती रेघ प्रत्येकाची वेगळी. अशा गोष्टीला दिवा लावता येत नाही, असं मी तीन मुद्द्यांत सिद्ध केलं होतं. त्यावर तुमचं एका ओळीचं कार्ड आलं: "तेवढं मिनिटच तर सांगायचं असतं."

ते कार्ड मी बैठकीत वाचून दाखवलं. बाईंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा वाचलं. "वाईट बातमी कळावी म्हणून माणूस यंत्र विकत घेतो," त्या म्हणाल्या. "पण ते भिंतीला लावून ठेवतो चांगल्या बातमीसाठी." मग फळ्याकडे न जाता त्यांनी कार्ड मला परत दिलं. "आपण यांना काय गमावलंय तेवढंच रोज सांगत होतो."

त्यानंतरचा महिनाभर नाकमंडळाने कुजकं काही हुंगलं नाही. आम्ही कांदा परतला, पाव भाजला, कॉफीच्या बिया भाजल्या, लोण्याचं तूप केलं. सगळा मजला गोळा व्हायचा. मंडळातले सहा जण "आता" म्हणून हात वर करायचे आणि मी सेन्सरमधला तो क्षण पकडायचे. सहांचे हात कधीच एकदम वर जायचे नाहीत. तुमच्या टिपणांचा उपयोग तिथे झाला. कच्चट वास कधी जातो, गोडसर कधी चढतो, आणि करपट यायच्या आधी तो किती वेळ थांबतो, हे तुम्ही लिहून पाठवलं नसतं तर आम्ही अजून भांडत बसलो असतो. मंडळप्रमुख म्हणते, तुझे वडील कांद्याबद्दल जितक्या मायेने लिहितात तितकं कुणी माणसांबद्दल लिहीत नाही. मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

आता यंत्र दिव्यांऐवजी शब्द दाखवतं. करपट, आंबूस, खवट, कुबट हे आहेतच. आणि मध्ये, थोडा वेळच, पिवळ्या अक्षरांत: खमंग. आणि तो शब्द दिसायला लागला की आच कमी करायला वेळ मिळतो, म्हणजे करपटची पाळीच येत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं.

यंत्रं परत त्याच घरांत लावलीत. मास्तरीणबाईंनी गुणाकाराला फोन केला. त्यांनी पाव भाजला, तो शब्द आला, आणि त्यांनी शेजारणीला बोलावून दाखवला. आता वायर कुणीच काढलेली नाही.

बाईंनी ठरवलंय की पहिलं वर्षभर हे फक्त डॉक्टरांमार्फत द्यायचं, ज्यांचं अडतं त्यांनाच. म्हातारपणी वास हळूहळू मावळतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही, ते लोक त्यानंतर. फ्रिजवाल्यांचा परवा पुन्हा निरोप आला होता. बाईंनी त्यांना थांबायला सांगितलंय. बाईंनी मला आणखी एक विचारलं. यंत्र कुणी बनवलं आणि कुणासाठी, हे त्यासोबतच्या कागदावर छापू का? मी म्हटलं, छापा. विचार करायला वेळ मागितला नाही.

माझा वास परतलेला नाही. डॉक्टर म्हणतात, वाट पाहायला हरकत नाही. मी पाहत नाही, पण दारही लावून घेतलेलं नाही. काल संध्याकाळी एकटीच होते. कांदा परतायला टाकला आणि पाठ करून ताट घ्यायला वळले. परत वळले तर फळीवर तो शब्द आला होता. मी आच कमी केली आणि तिथेच उभी राहिले. मला काहीच कळत नव्हतं. पण माझ्या स्वयंपाकघरात या क्षणी चांगला वास आहे, एवढी बातमी मला होती. मी खिडकी उघडली, म्हणजे खालच्या काकूंनाही जावा.

रविवारी सकाळच्या गाडीने घरी येते. आठवडाभर राहीन. सुट्टीचा अर्ज मंजूर झालाय.

एक विनंती आहे. मी आले की तुम्ही दार उघडता उघडताच विचारता, "ओळख पाहू, आज काय जुळवतोय." या वेळी विचारू नका. माझ्यापुढे चाला आणि खोल्यांमधून जाताना सांगत चला. कुठे काय आहे, कशात काय मिसळलंय, काय बिघडलंय, काय जमलंय. सावकाश सांगा, घाई करू नका, एकही शब्द गाळू नका.

मी तुमच्यामागून ऐकत येते.

तुमची मुलगी